सासऱ्यांचा धारेचा दगड

३ मार्च
उद्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. महिनाभर सुतारकाम बंद. तोवर धार लावायचा दगड मला सांभाळायला दिला. साडूला नाही, मला. कारखान्यात बनलेला, पांढरा. म्हणाले, वापरताना नुसतं पाणी शिंपडा, भिजत घालू नका, पुसून सावलीत वाळवा. एवढं समजायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? घरातल्या सगळ्या सुऱ्या आता बघाच.

५ मार्च
व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस दगड सरळ टबात बुडवतो. सासरे जुन्या वळणाचे, त्यांना नवीन माहीत नसणार. दगड बादलीत घातला. दोन-चार बुडबुडे आले. बिचारा तहानलेला होता.

७ मार्च
बायकोने विचारलं, बादलीत काय आहे. सांगितलं, मेंटेनन्स. म्हणाली, बाबा भिजवू नका म्हणाले होते ना. म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

८ मार्च, सकाळ
दगड बाहेर काढला. साबणासारखा बुळबुळीत. गॅलरीत कडक उन्हात ठेवला, म्हणजे पटकन वाळेल.

दुपार
केसाएवढी रेघ. दगडाची नक्षी असावी.

संध्याकाळ
नक्षी लांबली.

९ मार्च
चीर आहे. ठीक आहे, मान्य. पण माल हलका असेल तर मी काय करणार? वाचलं की चिरेत वार्निश भरलं तर पाणी आत शिरत नाही. वार्निश सासऱ्यांकडे आहे. मागायचं कोणत्या तोंडाने? बायकोची नेलपॉलिश वापरली. बिनरंगाची संपली होती, म्हणून डाळिंबी.

१० मार्च
वरचा रंग ब्लेडने खरवडला. चिरेत तेवढा राहिला. लांबून दिसत नाही. सासऱ्यांना तर सध्या जवळूनही दिसत नाही.
हे लिहिल्यावर फार लाज वाटली. खोडत नाही, कारण मनात आलं होतं.

२ एप्रिल
दगड परत केला. डोळ्याला अजून काळा चष्मा. त्यांनी दगड हातात घेतला आणि माझ्या बायकोसमोर म्हणाले, जावईबापूंनी जपला हो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा कौतुक. सांगणारच होतो, तेवढ्यात चहा आला.

३ एप्रिल
मुद्दाम गेलो होतो, सांगायला. ते पटाशीला धार लावत होते. जरा जोर दिला आणि दगडाचे दोन तुकडे. सासरे म्हणाले, हाताचा अंदाज गेला माझ्या, आता बास. पटाशा पुसून पेटीत ठेवल्या. डाळिंबी कडेचा तुकडा खाली पडला होता. मी तो पायाने टेबलाखाली सरकवला.
काय माणूस आहे मी.

४ एप्रिल
नवा दगड आणला. उद्या आधी कबुली, मग दगड. कारणं द्यायची नाहीत.

५ एप्रिल
सांगितलं. बादली, ऊन, नेलपॉलिश, सगळं. सासऱ्यांनी मग चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, बघ, म्हाताऱ्याची लाज राखायला हा माणूस स्वतःवर घेतोय.
बायकोला बादली माहीत आहे. ती माझ्याकडे बघत थांबली होती. मी फक्त खाली वाकून तो तुकडा काढायचा होता. मी म्हटलं, तसं काही नाही हो बाबा. तेही अशा आवाजात, की त्यांची खात्रीच पटली.
नवा दगड त्यांनी घेतला नाही. म्हणाले, मला आता कशाला. उलट पटाशांची पेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, तुमच्याकडे नीट राहतील.

पेटी कपाटावर ठेवली आहे. पटाशा गंजू नयेत म्हणून काय करायचं, ते त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. मी ऐकलं नाही. मी टेबलाखाली बघत होतो.