अर्ध्या छताचा गारवा

प्रिय धाकटे,

तुला आणि घरच्यांना अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? आमच्याकडे सगळे खुशाल, म्हणजे आम्ही दोघे आणि ती व्हॅन.

निवृत्तीनंतर यांनी एका बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली, तिच्यात पलंग ठोकला आणि मला घेऊन समुद्राच्या कडेकडेने महिनाभर हिंडायचं ठरवलं, हे तुला कळवलंच होतं. मी एकदा भर दुपारी आत बसले आणि स्वच्छ सांगितलं, की या भट्टीत भाजायला मी काही पाव नाही, मी येणार नाही. (यांचा चेहरा एवढासा झाला. पण बोलून गेले ते गेले.)

मग गॅरेजवाल्याने यांना सिरॅमिकच्या फवाऱ्याचं वेड लावलं. रंगासारखंच असतं ते, पत्र्याला आतून मारलं की ऊन म्हणे बाहेरच थांबतं. चौरस फुटाचा दर ऐकून हे खूश झाले. तो दर एका हाताचा होता. हात लागतात चार. (शिवाय पत्रा घासायचे वेगळे, काचा झाकायचे वेगळे.) शेवटी गॅरेजवालाच म्हणाला, "काका, एवढ्या पैशांत दुसरी व्हॅन येईल." हे घासाघीस करत राहिले आणि मी बाहेर बाकावर बसले. उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की मला आपल्या शाळेचं चॅपेल आठवलं. सिस्टर प्रार्थना सांगायच्या आणि तू माझ्या खांद्यावर झोपायचीस.

व्हॅन घरी आली. दुपारी मी माझ्या जागेवर बसले, तर डोक्यावर झाडाखाली असावं तसं गार. डोळा कधी लागला कळलं नाही. स्वप्नात समुद्रही येऊन गेला. जागी झाले तेव्हा शेजारी हे स्टीअरिंग धरून घामाने निथळत बसलेले. वर पाहिलं. छत मधोमध आखल्यासारखं. माझ्याकडे पांढरंशुभ्र, यांच्याकडे नुसता पत्रा.

"तेवढ्याचेच पैसे होते," हे म्हणाले. "आता येशील?"

मी येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तुझी,
ताई

ता. क. माझा पियानो तू इतकी वर्षं मागते आहेस, तो घेऊन जा. उरलेल्या छताचे चार हात होतील एवढेच पैसे दे. यांना कळू देऊ नकोस, नाहीतर 'मला उकाडा आवडतो' म्हणतील.

पुन्हा ता. क. फार गहिवरू नकोस. आधी मी पियानोला मोजायची फीत लावून पाहिली होती. पलंग काढला तरी तो व्हॅनमध्ये मावत नाही.