भंगारवाला यायच्या आधी

दादा,

भंगारवाल्याला परत पाठव. "ट्रकही बाबांच्या मागोमाग गेला," म्हणालास, पण तो ठणठणीत आहे. विकला जाऊ नये म्हणून गुरुवारी मीच प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून उलटा बसवला, म्हणून तो नुसता ठसकतो. समोर उभं राहून सांगवलं नाही.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धर, वहिनीला इंजिन हाताने फिरवू दे. हवेचा जोर लागून पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेशी जुळली की थांबा. आतला फिरता रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे येईल असा डिस्ट्रिब्युटर बसव. पुढचं बारीक टायमिंग बाबा कानानेच लावायचे, तुलाही येतं.

सुरू झाला की चांगल्या गिऱ्हाइकाला विक, मी अडवणार नाही. फक्त त्याआधी मला फोन लाव आणि इंजिनाजवळ धर. काही बोलू नकोस.

— धाकटी