उचलेल की नेईल

आबा, तुमाला एक वाक्य धड बोलून जाता आलं न्हाई. सगळ्या धरणाला शिकवायची हौस तुमाला. जाळ्याला गाठ कशी मारायची, वारं फिरलं की होडीचं तोंड कुणीकडं करायचं, बाजारात कुणाच्या पाटीतला मासा कालचा आहे, हे सगळं न विचारता सांगायचे. आणि घरचा एक शब्द मात्र असा टाकून गेलात की मी आणि तुमचा धाकटा आता त्याची दोन टोकं धरून ओढून राहिलो. तो म्हणतो तुमी 'उचलेल' म्हणालात. मी म्हणते 'नेईल' म्हणालात. एवढ्या एका शब्दावर होडी अडकली आहे. होडी अजून तुमच्याच नावावर आहे. मेल्या माणसाच्या नावानं इतकी वर्षं ती पाण्यात गेली, कुणी विचारलं न्हाई. आता नवं इंजन यायचं आहे आणि ते जित्या माणसाच्या नावावरच भेटतं, म्हणून शनिवारी मच्छीमार संस्थेत जाऊन सांगायचं आहे की होडी कुणाची, माझी का त्याची. ज्याची होडी तो पाण्यावर जाणार. दुसऱ्यानं काठावर बसून मासे विकायचे.

जुनं इंजन घरी आलं तवा मी नवऱ्याचं घर सोडून तुमच्या दारात येऊन बसले होते. वसमतहून हळदीचा ट्रक मुंबईकडं गेला होता, त्याच्या डायवरानं येताना समुद्राकाठच्या कुण्या कोळ्याचं वापरलेलं इंजन तुमच्यासाठी आणलं. हळदीच्याच रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं. पोतं काढलं तर पंख्यापर्यंत पिवळंधमक. शेजारीण म्हणाली, नवरदेवच आला की हळद लावून. त्यावर आई म्हणाली, "पहिल्या जावयानं कधी तोंड उघडलं न्हाई, हा निदान दोरी ओढली की बोलतो." मी लई चिडले होते. तुमी मात्र पोत्यात तोंड घालून हसून राहिला होता, ते मी पाहिलं.

ते टू स्ट्रोक होतं, पण तो शब्द आपल्याला कुठं ठाऊक. बाकी सगळे वल्ह्यावर आणि आपल्याकडं इंजन, एवढंच. त्याला पेट्रोलात तेल मिसळून द्यावं लागायचं. ते काम आईनं घेतलं. तुमी तिला चुलीपासून लांब, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसवायचे. ती चहाच्या कपानं तेल मोजायची, कॅनमधी ओतायची आणि लेकराला झोपवावं तसा तो कॅन मांडीवर घेऊन हलवायची. याला तुपाशिवाय घास उतरत न्हाई म्हणायची. भाकरीला त्या तेलाचा वास, तुमच्या सदऱ्याला वास, माझ्या केसाला वास. धूर तर इतका की होडी पुढं आणि ढग मागं. आवाज पार वरच्या वस्तीपर्यंत जायचा. आई तो आवाज ऐकून चहा टाकायची आणि तुमी काठाला लागेपर्यंत तो उतू जायचा. पेट्रोल पिण्यात तर ते कुणाला हार गेलं न्हाई. पण हलकं होतं. काठावर ठेवलं तर चोरी जाईल म्हणून तुमी रोज ते काढून खांद्यावर घरी आणायचे, आणि ते तसं आणता येत होतं.

आता तुमी तो शब्द बोललात त्या दिवसाचं. उन्हाळा आहे, पाणी लई आत गेलं आहे, होडीपासून घरापर्यंत आधी गाळ, मंग भेगा पडलेली जमीन, मंग चढ. तुमची कंबर गेलेली. धाकटा कारखान्यावरून चार दिवस सुटीवर आला आहे, अंगात नवा शर्ट आहे. मी होडीतून जाळं उतरवून राहिले. इंजन बंद झालं आहे पण माझ्या कानात अजून त्याची फडफड आहे. तुमी गाळात उभे आहात, एक हात इंजनावर, आणि तुमी बोलता की माझ्यानं आता हे होत न्हाई, तुमच्या दोघांत जो हे घरापर्यंत नेईल त्याची होडी. असं बोलता. धाकट्यानं उचललं. गाळ पार केला, बाभळीपाशी आला आणि ठेवलं. इंजनातून तेल गळून शर्टावर आलं होतं. म्हणाला, जरा दम घेतो. शर्टाकडंच बघून राहिला होता. मी गेले, पदर खोचला, इंजन खांद्यावर घेतलं आणि चढ चढून थेट ओट्यावर नेऊन टाकलं. मला वाटलं आता तुमी काहीतरी बोलाल. तुमी मागून धापा टाकत आलात आणि बोललात, "डोकं खाली आन् पाय वर, असं माणसाला झोपवती का? पाणी उतरंल त्याच्यात." एवढंच. उलटं ठेवलं म्हणून बोलणी. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच हळदीच्या पोत्याची घडी करून, आत चिंध्या भरून, दाभणानं शिवून तुमी माझ्या खांद्यासाठी एक गादी केली आणि न बोलता होडीत फेकली. अंगावर फेकली म्हटलं तरी चालेल. देताना तुमाला कधी धड देता आलं न्हाई.

पुढच्या हिवाळ्यात तुमी गेलात आणि मी इंजन लावलं. लोक बोलले. भोयाच्या बाईनं पाटी डोक्यावर घ्यावी, डोंगरकड्याच्या बाजारला जावं, बाळापूरच्या बाजारला जावं, मासे कापावेत, विकावेत. इंजन लावून पाण्यावर जाणं बाप्याचं. एकानं तर विचारलं, मिशा कवा फुटणार. मी म्हटलं, तुझ्या गळल्या की. मंग कुणी विचारलं न्हाई. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे काढायचं. बुडालेल्या बाभळींची खोडं कुठं आहेत ते मला आता तोंडपाठ आहे, पंख्याची पिन मी पाण्यातच बदलते, प्लग काडेपेटीच्या कडेनं घासते. वरीस वरीस करत माझी जवानी त्या होडीत गेली. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. घरात बसून गेली असती तर वाटलं असतं.

मंग धाकटा परत आला. कारखान्यावर त्याचं जमंना. घरोघर मोबाइल आले तसा त्याच्याकडंबी आला, आणि त्यानंच नांदेडला फोन लावून नव्या इंजनाचा माणूस बोलावला. फोर स्ट्रोक. त्या माणसानं काठावर मांडून सगळं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं, कारण खोटं बोलून काय करू, चांगल्याला चांगलं म्हणावं लागतं. याच्यात तेल पेट्रोलात घालायचं न्हाई. तेलाची जागा अलग, पेट्रोलाची अलग. तेल ठरल्या वेळी बदलायचं, मधी मधी बघायचं. धूर न्हाई. पेट्रोल निम्म्याच्या आसपास. दोरी एकदा ओढली की चालू. आपल्या जुन्याला थंडीत हात दुखेपर्यंत ओढावं लागतं आणि वरून शिव्याबी द्याव्या लागतात. जाळ्याच्या कडेनं सावकाश जायचं तर जुनं आचके देतं, बंद पडतं. नवं मुंगीच्या चालीनं चालतं. बिघडलं तर मात्र माझ्या हातचं न्हाई, नांदेड गाठावं लागणार, आणि जुनं मी चिमटा आणि काडेपेटीवर चालवते. पण सारखं बिघडतच न्हाई म्हणाला.

पाण्यावर न्यायच्या वेळी गंमत झाली. कॅन आईनं आणून दिला, रोज देते तसा. धाकट्यानं तोच लावला. थोडं आत गेलो आणि नव्या इंजनाच्या मागून धूर. त्या माणसानं कॅनचं टोपण उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. आईनं कुणाला न विचारता कपानं मोजून तेल घातलं होतं. "अम्मा, इसमें तेल मिलाते नै," काठाला आल्यावर तो आईला समजावून राहिला. आई म्हणाली, मंग हे खातं काय. धाकटा तिच्यावर ओरडला, तुला कुणी सांगितलं होतं म्हणून. आई उंबऱ्यावर जाऊन बसली. कप धुतला, पालथा घातला. प्लग पुसून, दुसरं पेट्रोल घालून इंजन पुन्हा बराबर चाललं, त्याचं काही वाकडं झालं न्हाई. आईला मात्र अजून पटलं न्हाई. जेवताना विचारते, बिनतेलाचं किती दिवस चालंल ते.

तर इंजन चांगलं. अडचण एकच, जड. आणि नुसतं जडबी न्हाई. मी सवयीनं खांद्याला लावाय गेले तर तो माणूस धावला. म्हणे याला खांद्यावर घ्यायचंच न्हाई, पोटातलं तेल भलतीकडं उतरतं, ठेवायचं तर एकाच कुशीवर ठेवायचं, न्यायचं तर दोन माणसं लागतात. मी तरी उचलून बघितलं. होडीच्या काठावरनं उतरवलं, चार पावलं गेले. खाली ठेवलं. धाकटा बघून राहिला होता. म्हणाला, "अक्का, आबा काय बोलले होते? उचलेल त्याची होडी. उचल मंग."

मी म्हटलं, तू उचल. त्यानंबी एकट्यानं उचललं न्हाई, शेजारच्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून नेलं. मी म्हटलं, मंग होडी शेजाऱ्याची का अर्धी? तो म्हणाला, माझ्या हाकेला माणूस येतो, तुझ्या हाकेला कोण येणार. हे मात्र खरं बोलला. मंग मी म्हटलं, बाळापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची गाडी करून घेते, इंजन त्याच्यावर उभं बांधते आणि एकटी ओढत आणते, गाळात फळ्या टाकते. आबांनी नेईल त्याची म्हटलं होतं, गाडीवरनं नेणं म्हणजे नेणंच. तो म्हणाला, "गाडी ओढणं म्हणजे उचलणं न्हाई. शब्द उचलेल असा होता." तिथून हे सुरू झालं. आईला विचारलं तर ती म्हणते मी तवा घरी होते, मला इंजन ओट्यावर आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो.

धाकटा वाईट न्हाई, आबा. त्याला दोन पोरी आहेत, शिकवायच्या आहेत. त्याचं म्हणणं, अक्का, तुझं वय झालं, तू काठावर बस, मी धरतो, तू विक, तुला तकलीफ काहून. मायेनंच बोलतो. आणि मला त्याच मायेचा राग येतो. पहाटे जाळं वर येताना हाताला जो ओढा बसतो तो पाटीत मासे मोजून भेटत न्हाई. त्याला पोरी शिकवाय पैसा पाहिजे तर मी होडीतून आणून देते, त्याला देतेच की आतासुद्धा. पण मला उतरवू नका. जुनं इंजन ठेवून माझं मी चालवते म्हटलं तर तेबी होत न्हाई, नवं देताना जुनं तो माणूस घेऊन जाणार. आणि नवं मला पाहिजे. नवं पाण्यावर नेलं त्या दिवशी परत येताना त्या नांदेडच्या माणसानं इंजनाचा दांडा माझ्या हाती दिला. आवाज जवळजवळ न्हाईच. इतकी वर्षं त्या धरणावर आहे मी, चालत्या होडीच्या बुडाला पाणी लागल्याचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. म्हणजे मला इंजनबी पाहिजे आणि होडीबी पाहिजे. तुमी म्हणाल हावरट. म्हणा.

शाळेत मी तिसरीपलीकडं गेले न्हाई, ते तुमाला ठाऊक आहे, तुमीच काढलं. म्हणून हे अक्षर असं आहे. हा कागद कुठं टाकायचा तेबी मला कळत न्हाई. टपालपेटीत टाकला तर पोस्टमास्तर हसंल. पाण्यात सोडायचा तर कागदाचा लगदा होऊन जाळ्याला चिकटंल आणि मलाच काढावा लागंल. राहू द्या पत्र्याच्या डब्यात.

आता जे कुणाला सांगितलं न्हाई ते सांगते. त्या दिवशी गाळात उभं राहून तुमी जे बोललात ते मी किती वेळा आठवून बघितलं. दर वेळी मला 'उचलेल' असंच ऐकू येतं. धाकटा बराबर आहे. त्याला मी हे बोलले न्हाई आणि बोलणार न्हाई. पण तुमी तवा एका हलक्या इंजनावर हात ठेवून बोलला होता, तुमाला काय ठाऊक पुढं काय येणार आहे. शब्द तुमचा आहे, बदलायचा तर तुमीच बदला. शनिवारी सकाळी संस्थेचं दार उघडायच्या आत मला सांगा की मी 'नेईल' म्हणालो होतो. तवर काही बोलला न्हाईत तर मी आत जाऊन 'नेईल' असंच सांगून येणार आहे.