हिंडेर्क साथॉफच्या चष्म्याची व्यवस्था

१९९६ सालच्या त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे दुकानापुढचे बर्फ लोटले, आरसे पुसले, चहाचे पाणी ठेवले. एवढ्यात आठ दिवसांपूर्वी नेलेला नवा चष्मा हातात घेऊन हिंडेर्क साथॉफ आला. बंदरातल्या जलद्वाराचा तो राखणदार. म्हणाला, "हिल्के, एका शिडीच्या दोन शिड्या दिसतात गं. कुठलीवर पाय ठेवू?"

"दोन्हींवर ठेव. पाय दोन आहेत की!" मी हसले. मग आम्ही दुकानात सगळ्यांना सांगतो तेच सांगितले, "दोन आठवडे वापर. सवय होईल."

आमच्याकडे तिसरा कप चहा झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही. तो दोनवर उठला. तिसऱ्या दिवशी जलद्वाराच्या त्याच शिडीवरून पडून वारला.

मी हिल्के पोप्पिंगा, वय एक्क्याऐंशी, ऑप्टिशियन गेर्येत पोप्पिंगा याची विधवा, राहणार ग्रोनझील. माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही. अक्षर कापते ते वयामुळे. शाळा आठवीपर्यंत झाली, बाकीचे वाचून शिकले. माझ्यामागे असे व्हावे.

कलम एक. घर व खालचे दुकान जिल्ह्याच्या ऑप्टिशियन संघाला. अट अशी, की तिथे आधीच प्रमाणपत्र असलेल्यांचे पुढचे शिक्षण व्हावे : प्रिझमच्या काचा, तिरळेपणा, फार कमी दिसणाऱ्यांचे चष्मे. परीक्षा हाताने काम करून द्यायची. प्रमाणपत्र पाच वर्षांचे, मग पुन्हा परीक्षा. संघाने मला दोनदा नाही म्हटले आहे. तिसऱ्यांदा विचारायला मी नसेन. हात जोडून लिहिते, या वेळी नाही म्हणू नका.

कलम दोन. गेर्येतचे १९६८ सालचे प्रमाणपत्र, चौकटीसह, माझा दीर आयलर्ट याला. संघाच्या सभेत पुन्हा परीक्षेचे निघाले तेव्हा तोच म्हणाला होता, "वहिनी, भिंतीवरचा कागद म्हणजे काय दूध आहे, नासायला?" त्याने ते स्वयंपाकघरात लावावे आणि रोज वास घेऊन पाहावा.

कलम तीन. चष्म्याचा नंबर तपासायचे यंत्र तोम्माला. ती अकरा वर्षे आमच्याकडे आहे. पण वरची परीक्षा पास झाल्यावरच द्यावे. तोम्मा, रागावू नकोस. तुझा हात चांगला आहे. गेर्येतचाही चांगला होता.

कलम चार. माझी पुस्तके त्याच वर्गाला. समासातली पेन्सिल खोडू नये. प्रिझमच्या पुस्तकात एक भरलेला अर्ज सापडेल. १९९४ साली दोन आठवड्यांचा वर्ग होता, गेर्येतला जायचे होते. मी म्हटले, "तुला आता ती पोरं काय शिकवणार?" त्याने अर्ज पुस्तकात खूण म्हणून ठेवला.

कलम पाच. निळ्या डबीतला चष्मा हिंडेर्कची मुलगी फोल्के हिला, माझ्या मरणानंतर. हिंडेर्कचे दफन झाल्यावर तिनेच तो आणून दिला होता. "कुणा गरजूला द्या, मावशी." पडूनही काच फुटली नव्हती. मी तो यंत्रावर लावला. हिंडेर्कला एकाचे दोन दिसत, ते एक व्हावे म्हणून डॉक्टरांनी प्रिझम लिहिला होता, जाड कड नाकाकडे. आमच्या काचेत ती कानाकडे होती, म्हणजे उलटी. गेर्येतला दाखवले. त्यानंतर त्याने प्रिझमचे काम घेतले नाही, आणि आम्ही दोघांनी कुणाला सांगितले नाही. गावाने ठरवले, हिंडेर्क प्यायलेला होता. फोल्केही तेच मानते. सत्तावीस वर्षे मी ते ऐकून घेतले. त्याने माझ्याकडे फक्त दोन कप चहा घेतला होता.

हे सर्व माझ्या हातचे आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात.

ग्रोनझील, ७ नोव्हेंबर २०२३
हिल्के पोप्पिंगा
साक्षीदार : आंतये ब्रून्स, शेजारीण. वील्को यान्सेन, निवृत्त पोस्टमन.

८ नोव्हेंबर. कलम पाच रद्द समजावे. चष्मा आज सकाळी मी फोल्केच्या घरी जाऊन तिच्या हातात दिला आणि तिचे वडील प्यायलेले नव्हते, चूक आमची होती, हे सांगितले. तिने तो डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि दार लावून घेतले. मी चालत घरी आले.

हिल्के पोप्पिंगा