टपालपेटीचा विमा

ड्वेन,

तुला आशीर्वाद द्यायचं आज जिवावर आलंय, तरी घे.

“ताई, म्हातारपणी हाच आरोग्य विमा घे, दातसुद्धा फुकट!” असं तूच म्हणालास ना? आम्ही बारा महिने गाडीतल्या फिरत्या घरात राहतो, हे विसरलास?

ॲरिझोनात माझ्या नवऱ्याच्या, व्हर्लनच्या छातीत कळ आली. इस्पितळाने तातडीचं तेवढं केलं. पुढचे उपचार या विम्यात म्हणे तुमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातच! साउथ डकोटातल्या त्या गावात आमची पत्त्यापुरती भाड्याची टपालपेटी आहे, बाकी कुत्रंही ओळखत नाही. विमा आमचा नाही, पेटीचा उतरवलास तू!

आता तिकडेच निघालोय. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, आम्ही मजेत आहोत. कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारा व्हर्लन मागे पडून असतो आणि गाडी मी चालवते, हे मात्र सांगू नकोस.

नाइलाजाने तुझीच बहीण,
लोरेटा