मुग्धाच्या डोळ्यातला ठिपका

३ जाने., शनि.
खर्च: डोळ्यांचे थेंब २१०. काळा चष्मा ३५० (दुकानदार ४००वर अडून बसला होता). मंडईतून मटार, गाजर ९०. डॉ.ची फी ह्यांनी परस्पर दिली, आकडा सांगत नाहीत.
परवा लेक मुग्धा कामावरून उजवा डोळा झाकून आली. तिच्या ऑफिसातली मंडळी विमानात बसवायचा लेसर करतात, शत्रूचं ड्रोन उजेडानं जाळायचं. तो जुळवताना डोळे राखायचा चष्मा क्षणभर कपाळावर सरकवला, बोटात मी दिलेली चांदीची अंगठी. तिच्यावरून तिरीप उडून डोळ्यात. समोर काळा ठिपका दिसतो म्हणे. अंगठ्या काढून आत या, असा फलक आहे तिथं. मला कुठं ठाऊक.

६ जाने., मंगळ., अंगारकी
पडद्याला इजा नाही! नुसती सूज. डॉ. म्हणाले, जुळवायचा उजेड मंद असतो म्हणून निभावलं, ठिपका हळूहळू विरेल. रिक्षात मला रडू आलं. मुग्धा म्हणे, आई, मीटर पळतंय तिकडे बघ. चंद्र बघून दोघींनी उपास सोडला. गजाननाची कृपा.

९ जाने., शुक्र.
दोघी मटार सोलत होतो. मुग्धा सांगत होती, आज हा लेसर ट्रकवर आहे, पुढच्या आठवड्यात चाचणीला विमानाच्या पोटाखाली जाईल. गोळ्या संपतात, हा वीज आहे तोवर संपत नाही. धूळ, धुकं असलं की मात्र उजेड विखुरतो. शिवाय हलत्या विमानातून एकाच जागी धरून ठेवायचा, ते अजून नीट साधत नाही.
हे पेपराआडून, "बाथरूमचा बल्ब गेलाय महिनाभर. तेवढं साधलं तर बघा."
मी विचारलं, तिकडच्या वैमानिकाच्या डोळ्यावर धरला तर?
"माणसाला आंधळं करायला वापरायचा नाही, आई. देशादेशांचा करार आहे."
"म्हणजे जमतं."
तिनं टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "जमतं."

१४ जाने., संक्रांत
विमानातली चाचणी धुरकट हवेमुळे पुढं ढकलली. मुग्धाही त्यात बसणार होती. मी शेजारी तिळगूळ देताना हात जरा सैलच सोडला. "चाचणी टळली म्हणून तुला बरं वाटतंय ना?" मुग्धा म्हणाली. वाटतंय म्हटलं. खोटं कशाला. तीही हसली.

१८ जाने., रवि.
हवा निवळली. पहाटे गाडी आली, मुग्धाला चाचणीच्या तळावर घेऊन गेली. डॉ.नी जायला हरकत घेतली नाही. ठिपका अजून आहे, फिकट, म्हणते. खरं किती नि माझ्यासाठी किती...
तिथं फोन जमा करतात, टपाल मात्र पोचतं. लगेच कार्ड टाकलं, मजकूर उतरून ठेवते:
चि. मुग्धास अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. चष्मा कपाळावर नको. कामाचं काही लिहू नकोस, मला कळायचं नाही आणि तुला सांगायचं नाही. उजवा डोळा एकटा उघडून हे कार्ड वाच. अक्षरं सगळी दिसली का, एवढंच उलट टपाली कळव.