गाडीतल्या टेपचे चार आकडे

३ मार्च, रविवार
गाडी आली. जुनी आहे, पण जुनी म्हणायची नाही असं मी घरात जाहीर केलं आहे. वापरलेली म्हणायचं. मेहुण्याने, म्हणजे हिच्या थोरल्या भावाने, नवी घेतली म्हणून ही आमच्याकडे आली. किल्ली देताना तासभर समजावत बसला. माणूस चांगला, पण प्रत्येक वाक्य 'तुम्हाला माहीत नसेल' पासून सुरू करतो. मी मान डोलावली. ऐकलं काही नाही.

गाडीत रेडिओ-कॅसेट आहे! डॅशबोर्डमध्येच बसवलेला. दोन गोल बटणं, सहा चपटी, एक खाच. यंत्र म्हटलं की माझे हात आपोआप चालतात. वहिनींची व्यायामाची कॅसेट कप्प्यात सापडली, ती घालून बघितली. एक बाई 'कंबर वाकवा, एक दोन' म्हणते. आवाज खणखणीत, पण फक्त मागच्या सीटवर. एक बटण फिरवल्यापासून असं झालं. पुढचे स्पीकर गेलेले दिसतात. मेहुण्याने सांगितलं नाही. हरकत नाही, चांगलं संगीत मागे बसूनच ऐकायचं असतं.

सोबत जाडजूड पुस्तक मिळालं आहे. गाडी कशी वापरावी वगैरे. हॉलमधलं काचेच्या भांड्यांचं कपाट कित्येक दिवस डुगडुगत होतं. पुस्तक त्याच्या पायाखाली घातलं. अगदी मापाचं निघालं. एका दिवसात दोन कामं.

४ मार्च, सोमवार
ऑफिसात सकाळपासून वैताग. पंप विकत घेतात आणि सोबतची पुस्तिका उघडून बघत नाहीत! आज अकरा तक्रारी. अकराही जणांना तेच उत्तर: 'कृपया माहितीपुस्तिकेतील पान ४ पाहावे.' तक्रार विभागात बावीस वर्षं काढली. माणसाचा आळस माझ्याइतका जवळून कोणी पाहिला नसेल.

संध्याकाळी अक्काचा फोन. ती घर आवरते आहे. आता कायमचीच मुलाकडे चालली, समुद्रापलीकडे. आवरताना एक कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'घरातले आवाज' एवढंच लिहिलेलं. बाबा जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही. अक्काचा टेप केव्हाच मोडला, आणि ओळखीत कोणाकडे कॅसेट लावायची सोय उरलेली नाही. सांगता सांगता ती रडायलाच लागली.

मी म्हटलं, अक्का, रडतेस काय, माझ्या गाडीत फर्स्टक्लास टेप आहे. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी ये. स्टेशनवरून घरी येईपर्यंत बाबा ऐकवतो. तिने तीनदा विचारलं, नक्की ना? मी तिन्ही वेळा नक्की म्हटलं.

फोन ठेवल्यावर मलाही जरा भरून आलं. पण लगेच सावरलो.

५ मार्च, मंगळवार
गाडी सुरू होताना कुरकुरली. बॅटरी. नवी आणून स्वतः बसवली. ही म्हणत होती की मिस्त्रीला बोलवा. कशाला? दोन तारा तर असतात. ठिणगी उडाली, पण लहान.

गाडी एका झटक्यात सुरू. टेप मात्र गप्प. त्याच्या आकड्यांच्या पट्टीवर इंग्रजीत 'कोड' असं दिसतं आणि लुकलुकतं. व्यायामाची बाई आत अडकून बसली आहे. नवी बॅटरी अंगी लागायला वेळ लागत असेल.

६ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०
'कोड' अजून आहे. म्हणजे त्याला चार आकडे हवे आहेत. सोपं आहे. १२३४ दिले. नाही. गाडीचा नंबर दिला. नाही. लग्नाची तारीख दिली. नाही. आता 'वेट' असं आलं. यंत्र सभ्य आहे.

सायंकाळी ६.३०
हिने विचारलं, लग्नाची म्हणून कोणती तारीख दिलीत? मी सांगितली. ती फ्रीज घेतल्याची तारीख निघाली. हिने जेवायला कालचं वाढलं, फ्रीजमधलं.

९ मार्च, शनिवार
शोध लावला. किल्ली फिरवून तासभर चालू ठेवली की 'वेट' जातं आणि पुन्हा तीन संधी मिळतात. हे कोणी न सांगता कळलं, याची नोंद असावी. दुपारी जेवून गाडीत जाऊन बसलो. मागच्या सीटवर, कारण चांगली जागा तीच.

डोळा लागला. चार तास.

नवी बॅटरी पार उतरली. ढकलायला ही, खालचे रिटायर्ड मास्तर आणि इस्त्रीवाला. मास्तरांनी विचारलं की पुस्तक नाही का आलं गाडीबरोबर? मी म्हटलं, पुस्तकं ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतात. मास्तर आयुष्यभर शिकवत आले. त्यांना हे पटायला वेळ लागेल.

१० मार्च, रविवार
ही मिस्त्रीला घेऊन आली. मला न विचारता. त्याने बॅटरी चार्ज केली, टेपकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला की बॅटरीची तार काढली की हा टेप कुलूप लावून घेतो, चोराला उपयोग होऊ नये म्हणून. चार आकडे दिले की उघडतो. आकडे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असतात. नाही मिळाले तर अख्खा टेप काढून कंपनीकडे पाठवायचा, पंधरा दिवस. आणि काही झालं तरी खाचेत काही खुपसू नका.

याला मिस्त्री म्हणायचं? टेपला हातसुद्धा लावला नाही!

पुस्तक कपाटाखाली आहे हे मला ठाऊक आहे. पण ते काढायचं तर आधी भांडी उतरवायची. भांडी उतरवायची म्हणजे ही विचारणार, पुस्तक तिथे कसं गेलं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

दुपारी खाचेत पट्टी घालून पाहिली. ऑफिसची, तीस सेंटिमीटरची. आता बावीस सेंटिमीटरची आहे.

१२ मार्च, मंगळवार
मेहुण्याला सहज फोन केला. हवापाणी, तब्येत, मुलांचा अभ्यास. मग अगदी सहज विचारलं की तुम्ही टेपसाठी चार आकडे कोणते निवडले असते, समजा निवडायचे झाले तर. तो म्हणाला की ते निवडायचे नसतात, कंपनी देते. त्याने शेवटच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवले आहेत. पाठ मात्र नाहीत. तुम्हाला माहीत नसेल, पण पुस्तक नीट जपून ठेवा.

मी म्हटलं, उशाशी घेऊन झोपतो.

१४ मार्च, गुरुवार
शास्त्रशुद्ध पद्धत सुरू. ०००१ पासून क्रमाने जायचं, म्हणजे सुटायचा प्रश्नच नाही. एका वेळी तीन प्रयत्न, मग थांबायचं. ०००६ पर्यंत आलो. दर वेळी थांबायचा काळ वाढतो आहे असा संशय येतो. तरी वेग वाढवला तर रविवारपर्यंत होऊन जाईल. एकूण दहा हजारच तर आहेत.

ऑफिसात एका पंपवाल्याचं रागावलेलं पत्र. लिहितो की पुस्तिका सापडत नाही, दाबाचा आकडा सांगून टाका ना, तुमचं काय जातं? मी कडक उत्तर दिलं: 'पुस्तिका जपून ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.' सही करताना पेन जरा अडखळलं. शाई संपत आली असावी.

अक्काचा फोन. तिकीट काढलं. कॅसेट रुमालात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवणार आहे, सामानात नाही. तिला आठवतं की बाबा कसे बोलायचे, पण आवाज आठवत नाही म्हणाली. मला आठवतो का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

आठवत नाही.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ११
ही बाजारात गेली आहे. तत्त्व बाजूला ठेवून पुस्तक काढायचं ठरवलं. भांडी न उतरवता. योजना: खांद्याने कपाट बोटभर उचलायचं, पायाने पुस्तक सरकवायचं. मोजून दहा सेकंदांचं काम.

दुपारी १
जमिनीवरून लिहितो आहे. खांद्याने कपाट उचललं. पायाने पुस्तक अर्धं सरकलं. त्याच वेळी कमरेतून 'कट्' असा आवाज आला. आधी वाटलं काच फुटली. काच फुटली असती तर बरं झालं असतं.

दुपारी २.३०
ही आली. मला पाहिलं, कपाट पाहिलं, पुस्तकाचं टोक पाहिलं. मी म्हटलं, व्यायाम करत होतो. ही खुर्चीवर बसून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली की कपाटाखाली काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कधी मागतो तेवढंच ती बघत होती. तेरा दिवस!

बावीस वर्षांचा अनुभवी माणूस, आणि घरातच तक्रार विभाग चालू आहे हे कळलं नाही.

१७ मार्च, रविवार
अक्का आली. स्टेशनवर मी जाऊ शकलो नाही. रिक्षाने आली. दारातच विचारलं, गाडी कुठंय? मी सतरंजीवर आडवा. मी गाडीविषयी बरंच बोललो. बॅटरी, हवामान, मिस्त्रीचं अज्ञान. अक्का रुमालाची गाठ घट्ट धरून ऐकत होती. तिचा चेहरा पडत चालला तसं माझंही बोलणं आटलं. शेवटी म्हटलं, अक्का, चुकलं. मला येत नाही तो टेप.

हे वाक्य नोंदवायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

मग फार भराभर झालं. हिने आणि अक्काने भांडी उतरवली, सतरा मिनिटं. कपाट उचललं, पुस्तक काढलं. शेवटचं पान, लाल पेन, चार आकडे. मला दोघींनी आणि मास्तरांनी धरून गाडीत नेलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. अक्का पुढे बसली. चष्मा लावून तिने एकेक आकडा दिला. टेप उघडला.

'कंबर वाकवा, एक दोन!' माझ्या कानाशी, पूर्ण आवाजात. मास्तर हसून हसून गाडीला टेकले.

अक्काने बाईला बाहेर काढलं, तिच्याबरोबर पट्टीचा आठ सेंटिमीटरचा तुकडाही. पुस्तकाचं एक पान उलटलं आणि ते गोल बटण उलटं फिरवलं. आवाज पुढे गेला. पुढचे स्पीकर ठणठणीत होते.

मग रुमाल सोडला.

आधी खरखर. मग बाबा. ऐकल्याबरोबर ओळखला, इतकी वर्षं आत कुठे होता कोण जाणे. टेप घरात आणला त्या दिवशीचं रेकॉर्डिंग. बाबा विचारतात, गुंड्या, यंत्राबरोबरचा कागद कुठे गेला रे? गुंड्या म्हणजे मी, वय पाच. मी सांगतो की त्याची होडी केली. बाबा खो खो हसतात. म्हणतात, अरे थांब, बटणाला हात नको लावू, आधी बघू दे. मी म्हणतो, मला येतं. मग खट्.

बाबा संपले. जेमतेम एक मिनिट. पुढे अख्खी बाजू मी एकटाच 'हॅलो हॅलो' करतो आहे. मध्ये एकदा फुंकर मारतो.

मला वाटलं, आता अक्का मला सोडणार नाही. एवढ्या एका मिनिटासाठी ती रात्रभर प्रवास करून आली. मी मागून म्हटलं, अक्का, मीच बंद केलं ग त्यांना. ती रडत होती आणि हसतही होती. ही म्हणाली, पुढचं बंद करू का? अक्का म्हणाली, राहू दे. बाबांनी तेव्हा हे सगळं ऐकून घेतलं असेल ना, मग मीही ऐकते. अर्धा तास माझं हॅलो हॅलो ऐकलं. मग परत सुरुवातीला नेऊन बाबा. असं चार वेळा.

१८ मार्च, सोमवार
रजा. अक्का गेली. ही तिला सोडून आली, गाडीत टेप लावून. मी दारापर्यंत धरत धरत गेलो. अक्काने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. कॅसेट इथेच ठेवून गेली, कारण यंत्र इथे आहे. ती हिच्याकडे दिली. त्याच्या हातात देऊ नकोस, असं माझ्यासमोर सांगितलं.

निश्चय: पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. रोज दहा पानं.

१९ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४५
कंबर बरी. ही अंघोळीला गेली असताना तिच्या कप्प्यातून कॅसेट घेतली. एकदाच ऐकायची होती. 'अरे थांब' एवढंच.

गाडीत जाऊन बसलो. पुढच्या सीटवर. किल्ली आतच होती आणि फिरवलेली होती. काल संध्याकाळी मी कठडा धरत उतरून पुस्तक वाचायला गाडीत बसलो होतो. पहिल्या पानावर चित्र चांगलं होतं. बॅटरी पूर्ण संपली. खालच्या मास्तरांना उठवून त्यांच्या गाडीवरून तारा जोडून घेतल्या. टेपची पट्टी उजळली.

'कोड.'

चार आकडे होते. पहिला तीन होता. बहुधा. बटणावर बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

वर जाऊन हिला हाक मारली. हिने विचारलं, पुस्तक कुठंय?

काल वाचून झाल्यावर इस्त्रीवाल्याला कपाट उचलायला लावून परत त्याखाली घातलं. डुगडुगत होतं.